बंद पडली की बंद पाडली?

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली, तेव्हा जुन्या कागदांखाली माझीच एक वही सापडली. रेघी, दोनशे पानी, पुठ्ठ्याला वाळवी लागलेली. आत निळ्या शाईत एक भाषण आहे. वर तारीख नाही, पण मजकुरावरून ते १९८६च्या गणेशोत्सवातले, हे नक्की. त्या वर्षी जूनमध्ये बेळगावात कानडी सक्तीविरुद्ध आंदोलन झाले, गोळीबारात माणसे गेली, आणि वर्तमानपत्र दुपारच्या गाडीने येणाऱ्या आमच्या जोयडा तालुक्यातही डोकी तापली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर होतो. सरकारी नोकर, म्हणून मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाला 'मातृभाषेचे महत्त्व' असे निरुपद्रवी नाव दिले होते.

व्याख्यान गाजले. आठ-दहा वर्षांनंतरसुद्धा रामनगरच्या बाजारात कोणीतरी "मास्तर, ते तुमचं भाषण!" म्हणून हात जोडायचे. टाळ्यांच्या जागी मी समासात आधीच फुल्या मारून ठेवल्या होत्या आणि त्या बहुतेक बरोबर आल्या होत्या.

यंदा संपादकांनी नेहमीप्रमाणे 'एखाद्या पुस्तकावर लिहा' असे कळवले होते. पुस्तकाऐवजी मी ही वही समीक्षेला घेतो आहे. लेखक परिचयाचा असला तरी त्याची भीड बाळगलेली नाही. आणि हे भाषण एकट्या माझे नाही. सीमाभागात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराने ते ऐकलेले आहे, कोणी ना कोणी केलेले आहे. पलीकडच्या गल्लीतल्या कन्नड घरानेही तेच ऐकले आहे, फक्त नामे आणि सर्वनामे बदलून.

समीक्षेला मापे लागतात. ती आपल्याकडे जुनी आहेत. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत बोलाचालीचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते ठरवायला दोघे बसतात तो वाद. जिंकायला बसतात तो जल्प. आणि स्वतःचे काही न मांडता नुसते समोरच्याचे मोडायचे ती वितंडा. आपण मराठीत 'वाद घालू नको' म्हणतो तेव्हा त्या बिचाऱ्या चांगल्या शब्दावर अन्यायच करतो. म्हणायचे असते 'जल्प करू नको'. ग्रीकांच्या ॲरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधने सांगितली: बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. भावनेला हात घालणे म्हणजे लबाडी, असे त्याने म्हटलेले नाही. हे आधीच सांगतो, कारण हा लेख वाचून कोणी 'भाषणात भावना नकोच' असा अर्थ काढील. माणसे मेली होती. त्यावेळी थंडपणे बोलणारा मास्तर मला आजही आवडला नसता.

आता भाषणाकडे. त्याचा पहिला शब्द आहे 'आपण'. "आपण सारे मराठी आईची लेकरे." मराठीत आम्ही आणि आपण असे दोन शब्द आहेत, ही फार मोठी सोय आहे. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. कन्नडात दोन्हींना एकच 'नावु', त्यामुळे तिकडच्या वक्त्याला हे काम दुसऱ्या कशाने तरी करावे लागते. आम्हाला एका शब्दात जमते. त्या मांडवात माझ्यासमोर कोण बसले होते? मराठे होते, गवळी-धनगर होते, धरणातून उठून आलेली कुटुंबे होती, आणि मागे, उभी राहूनच ऐकणारी, डोंगरातल्या वाड्यांवरून उतरलेली कुणबी माणसे होती. त्यांच्या घरातली बोली माझ्या घरातली नव्हे. त्यांना मी 'तुम्ही आमच्यात येता का?' असे विचारले नाही. 'आपण' म्हटले आणि मोजून टाकले. व्याकरणात याला सर्वनाम म्हणतात. त्या संध्याकाळी ते जवळजवळ ताबापत्र होते.

दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे, त्यापुढे दोन फुल्या. "आमची शाळा बंद पाडली." ज्या गावच्या शाळेविषयी हे आहे ते गाव मला ठाऊक होते. तिथे मी वर्षभर शिकवले होते. ती शाळा पाण्याखाली गेली. गणेशगुडीला काळी नदीवर सुप्याचे धरण झाले, त्यात आमचे तालुक्याचे सुपे गाव आणि आसपासची खेडी गेली, कचेऱ्या जोयड्याला आल्या, माणसे रामनगरला आली. बुडालेल्या गावची शाळा बंद पडली. कानडीने पाडली नाही.

'पडली' आणि 'पाडली' यांच्यात एका कान्याचे अंतर आहे. पण त्या कान्यात एक कर्ता लपून बसतो. आणि मराठीची गंमत अशी, की 'पाडली' म्हटल्यावर कर्ता सांगावाच लागत नाही. कोणी पाडली? वाक्यात नाही. श्रोता तो आपल्या मनातून भरतो आणि त्याने स्वतः भरलेला असल्यामुळे त्याला तो खोटा वाटत नाही. मी जर 'अमुक खात्याने भाषेच्या द्वेषाने शाळा बंद पाडली' असे म्हटले असते, तर पहिल्या रांगेतल्या धरणग्रस्तांपैकी कोणीतरी उठून म्हटले असते, "मास्तर, ती तर बुडाली." कर्ता गाळला म्हणून कोणी उठले नाही. दोन घटना एका काळात घडल्या, म्हणून एक दुसरीचे कारण, ही चूक तर्कशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. पण मराठीत ती क्रियापदाच्या आत कशी मावते, हे मला या वहीनेच दाखवले.

इथे दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. एखाद्या शाळेत शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे भरली नाही, मुले कंटाळून दुसरीकडे गेली, आणि मग पटसंख्या नाही म्हणून शाळा मिटली, तर ती पडली की पाडली? तिथे 'पाडली' म्हणायला जागा आहे. पण मग जागा कधीपासून रिकामी, अर्ज किती गेले, उत्तर काय आले, हे सांगावे लागते. ते काम टाळ्यांचे नाही. माझ्या वहीत असा एकही कागद डकवलेला नाही.

चौथ्या पानावर घसरगुंडी आहे. "आज बसवरची पाटी, उद्या सातबारा, परवा देव्हाऱ्यातली आरती!" श्रोत्यांना ही चढती भांडण-लय फार आवडते. पहिली पायरी खरी असते, शेवटची भयंकर असते आणि मधल्या पायऱ्या वेगात निघून जातात. घसरण दाखवणारा प्रत्येक युक्तिवाद खोटा असतो असे नाही, काही वेळा माणसे खरोखर घसरतात. पण प्रत्येक पायरी वेगळी सिद्ध करावी लागते. पाटी आणि कागदपत्र यांची भीती निराधार नव्हती, तिचा अनुभव आमच्या लोकांनी कचेरीच्या खिडकीशी घेतला आहे. आरतीचे मात्र मी वजनासाठी घातले होते. गेल्या चाळीस वर्षांत जोयड्यातल्या एकाही देव्हाऱ्यातली मराठी आरती कोणी बंद केली नाही. उलट उळवीच्या चन्नबसवण्णाच्या यात्रेला जाणारी मराठी कुटुंबे मला माहीत आहेत, आणि तिथून परतताना त्यांची मराठी रस्त्यात सांडलेली मी पाहिली नाही.

याच पानावर असा प्रश्न आहे, ज्याला एकच उत्तर शक्य आहे: "आपली भाषा मेलेली तुम्हाला चालेल का?" मांडव म्हणाला, "नाही!" या अलंकाराला आपल्याकडे मोठा वंश आहे. सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, हा १८९७ सालच्या 'केसरी'तल्या अग्रलेखाचा मथळा शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. प्रश्नाच्या रूपात ते विधानच होते. पण टिळकांसमोर प्लेगच्या पुण्यातले गोरे सरकार होते आणि त्याच वर्षी त्यांना राजद्रोहाखाली तुरुंगात जावे लागले. माझ्यासमोर कोण होते? माझेच लोक. त्यांना 'नाही' म्हणायला काही पडत नव्हते आणि मला विचारायलाही नाही.

अतिशयोक्तीविषयी मला वहीतल्या लेखकाला थोडे झुकते माप द्यायचे आहे. आम्ही आचार्य अत्र्यांच्या छायेत वाढलो. संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धामधुमीत, १९५६च्या नोव्हेंबरात, त्यांनी 'मराठा' काढला आणि दहा हजार वर्षांचा हिशेब मांडण्याची त्यांची लकब घराघरात गेली. पण अत्र्यांच्या सभेतला माणूस हसत होता. दहा हजार हा आकडा मोजायचा नसतो हे वक्त्याला आणि श्रोत्याला दोघांनाही कळत होते. दोघांनाही कळते तेव्हा तो अलंकार. फक्त वक्त्याला कळते तेव्हा ती फसवणूक. माझ्या वहीत "लाखो मराठी बांधव" असा शब्द आहे. तो मी हसत म्हटलेला नव्हता.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा वारसाही या वहीत आहे, आणि तो फारसा चांगला नाही. 'निबंधमाले'ची भाषा आम्हा मास्तरांना वंदनीय, पण लोकहितवादींचा किंवा जोतीरावांचा मुद्दा समोर आला की शास्त्रीबुवा त्यांच्या व्याकरणाला हात घालीत. मुद्दा तसाच राही. मीही एका कन्नड पुढाऱ्याच्या मोडक्या मराठीची नक्कल करून दोन मिनिटे हशा मिळवला होता. तो माणूस काय म्हणाला होता ते वहीत नाही. नक्कल मात्र उच्चारांसकट लिहून ठेवलेली आहे. आणि माझे कन्नड त्यावेळी कसे होते, हे न सांगितलेलेच बरे.

आता सातव्या-आठव्या पानांवर येतो. भाषणाचा कणा इथे आहे, आणि माझी खरी अडचणही इथेच आहे.

"कोकणी ही मराठीची बोली आहे. कारवार, सुपे, हल्याळ इथली भाषा कोकणी. म्हणून इथली भाषा मराठी." वाचायला सरळ दिसते. पण 'बोली' हा शब्द यात दोन अंगरखे घालून येतो. बोली म्हणजे बोलली जाते ती. त्या अर्थाने जगातल्या प्रत्येक भाषेला बोली आहे आणि कोकणीही बोली आहे, यात कोणाला शंका नाही. बोली म्हणजे दुसऱ्या एखाद्या भाषेचा पोटभेद, हा दुसरा अर्थ. पहिल्या अर्थावर होकार घ्यायचा आणि दुसऱ्या अर्थाने निष्कर्ष काढायचा, याला नैयायिक वाक्छल म्हणतात. त्यांचे उदाहरण 'नवकंबल' या शब्दाचे आहे. कोणी म्हणतो, याच्याकडे नवे कांबळे आहे. समोरचा विचारतो, नऊ कांबळी कुठे आहेत? आमच्या डोंगरात थंडीत एकच कांबळे असते, ते बाजूला ठेवू. पण आम्ही कोकणीचे जे केले ते याहून निराळे नाही.

ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५च्या सातव्या खंडात कोकणी मराठीखाली घातलेली आहे, हे मी भाषणात सांगितले होते. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, हे सांगितले नव्हते. तेव्हा ती मान्यता अकरा वर्षांची होती आणि मला ठाऊक होती. १९९२ साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. भाषाशास्त्रज्ञांत यावर मतभेद होते आणि आहेत. अ. का. प्रियोळकरांसारख्या मोठ्या माणसाने ती मराठीचीच बोली म्हणून मांडली, डॉ. सु. मं. कत्रे यांच्यासारख्या तितक्याच मोठ्या माणसाने तिचा स्वतंत्र भाषा म्हणून अभ्यास केला. जिथे दोन्हीकडे असे पंडित उभे आहेत, तिथे एकाचेच नाव घेणे म्हणजे अर्धा साक्षीदार उभा करणे. 'कोकणीला स्वतःची लिपी नाही' हेही माझ्या वहीत आहे. मराठीला कुठली आहे? देवनागरीत संस्कृत, हिंदी, नेपाळी सगळ्या बसतात, आणि आपले जमाखर्च तर कालपर्यंत मोडीत होते.

पलीकडच्यांचा युक्तिवादही काही शहाणा नव्हता. त्यांच्या सभेत ऐकलेले सांगतो: कुणब्याची भाषा मराठी नाही, म्हणजे तो कर्नाटकाचा, म्हणजे कन्नड. मराठी नाही म्हणून कन्नड कसा? दोनच घरे असल्यासारखे बोलायचे आणि तिसऱ्या घरात राहणाऱ्याला दोन्हीकडून ओढायचे. कन्नडात घरातल्या भाषेला 'मने-मातु' असा छान शब्द आहे, घरचे बोलणे. त्या शब्दाने विचारले असते तर कुणब्याने नीट उत्तर दिले असते. पण तसे विचारणारा कोणी नव्हता.

आता महाजन अहवालाचा विषय, कारण त्याशिवाय सीमाभागातले कोणतेही भाषण पुरे होत नाही. माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग १९६६च्या ऑक्टोबरात नेमला गेला, १९६७च्या ऑगस्टमध्ये अहवाल आला. २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूरला. निपाणी-खानापूर इकडे, अक्कलकोट तिकडे, बेळगाव आहे तिथेच. कर्नाटकाचे तेव्हापासूनचे म्हणणे असे, की आयोग तुम्हीच मागितला, मग निकाल माना. आपल्या सभांत या वाक्याला नुसती हेटाळणी मिळते. ते बरोबर नाही. पंच मान्य केलेल्याने निकालानंतर पंच नाकारला तर त्याची पत कमी होते, आणि पत हे ॲरिस्टॉटलच्या तीन साधनांतले पहिले. पण त्या वाक्याने बेळगावातल्या माणसांची भाषा ठरत नाही, हेही खरे. बोलणारा सुसंगत नाही एवढे त्यातून सिद्ध होते, तो चुकीचा आहे हे होत नाही.

आपल्या बाजूचे खरे चांगले उत्तर बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी १९६८ साली त्या अहवालाचा पंचनामा करणाऱ्या इंग्रजी पुस्तकात दिले. त्यांचा रोख असा, की आयोगाने एका ठिकाणी एक माप वापरले, दुसऱ्या ठिकाणी दुसरे. हा शब्दांचा खेळ नव्हे, हे खंडनच. गाव हा घटक, सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही मापे धरायची तर सगळीकडे धरा. मला हा युक्तिवाद तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

आणि म्हणूनच आठवे पान वाचताना मान खाली जाते. बेळगावविषयी आम्ही म्हणत होतो: जनगणनेत लोकांनी जी मातृभाषा सांगितली ती मोजा, पंडितांना आणि इतिहासाला मध्ये आणू नका. कारवार-सुप्याविषयी आम्ही म्हणत होतो: जनगणनेत लोकांनी कोकणी सांगितली असेल, पण त्यांना काय कळते, पंडितांना विचारा. ही दोन मापे एकाच भाषणात, एका पानाच्या अंतरावर आहेत. ज्या दोषासाठी आम्ही महाजनांना पिंजऱ्यात उभे केले, तोच दोष आमच्या घरात चुलीशी बसलेला. न्यायशास्त्रात 'विरुद्ध' नावाचा हेत्वाभास आहे: जे सिद्ध करायला कारण पुढे केले, त्याच्या उलटच ते कारण सिद्ध करते. पलीकडे याची जोड आहे. अक्कलकोट आणि कासरगोड मागताना मातृभाषा, बेळगावचा प्रश्न आला की इतिहास आणि कारभार. २०२२च्या नोव्हेंबरात जत तालुक्यातल्या गावांच्या जुन्या ठरावाचा आधार कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी घेतला. तो ठराव पाण्यासाठी हैराण झालेल्या लोकांचा होता, असे महाराष्ट्राने सांगितले, आणि ते खरे होते. पण सीमाभागातल्या ग्रामपंचायतींचे ठराव हा आपलाही जुना पुरावा आहे. ठराव आपल्याकडचा असला की लोकेच्छा, त्यांच्याकडचा असला की पाण्याची टंचाई. महिन्याभरात दोन्ही विधिमंडळांनी आपापले ठराव मंजूर केले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तिथे कागद बोलतील. इथे फक्त आपल्या बोलण्याविषयी बोलतो आहे.

इतिहासाच्या पुराव्यांची तीन पाने मी सोडून देतो. श्रवणबेळगोळचा मराठी शिलालेख आमच्याकडून, 'कविराजमार्गा'तली कावेरी ते गोदावरी ही कन्नड देशाची हद्द त्यांच्याकडून. हजार वर्षांपूर्वी कोण कुठे होते यावरून आज रेशनकार्ड कुठल्या भाषेत हवे ते ठरत नाही. आता तर दोन्ही भाषा सरकारदरबारी अभिजात झाल्या, कन्नड २००८ साली, मराठी २०२४ साली. ते एक भांडण तरी मिटले.

वहीच्या शेवटी एक पान नंतर, वेगळ्या पेनाने जोडलेले आहे. त्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला, आणि दोनदा बाजूला ठेवला.

१९९१च्या फेब्रुवारीत जनगणनेचे काम इतर मास्तरांसारखे माझ्याकडेही आले. माझ्या वाट्याला जंगलातल्या वाड्या होत्या. प्रगणकाच्या सूचनांत स्वच्छ लिहिलेले असते: माणूस जी मातृभाषा सांगेल ती लिहा, ती भाषा की बोली या वादात पडू नका, लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. मी प्रशिक्षणात हे वाचले होते. आणि प्रत्येक कुणबी घराच्या अंगणात बसून मी विचारले होते, "मातृभाषा मराठीच ना?"

त्या 'च'ने आणि त्या 'ना'ने सगळे काम केले. दारात मास्तर बसलेला, हातात सरकारी कागद, पोरे त्याच्याच शाळेत. कोण नाही म्हणणार? बहुतेकांनी मान हलवली. एका घरात एक आज्जी कणगी सोलत होती. ती मान वर न करता तिच्या बोलीत म्हणाली, "मास्तर, तू विचारतोस का सांगतोस?"

मी हसलो. म्हटले, "विचारतोच आहे आज्जी, सांगा की."

ती म्हणाली, घरात बोलतो ती आमची, पोरं शाळेत शिकतात ती मराठी, संतेत शेट बोलतो ती कानडी. तुझ्या कागदात किती मावतात?

माझ्या कागदात मातृभाषेला एक रकाना होता. मी त्यात मराठी लिहिले. तिला वाचता येत नव्हते.

पुढे काही वर्षांनी भाषांचे आकडे छापून आले. एका मंडळात माझे पुन्हा व्याख्यान झाले. जुनीच वही, आणि शेवटी नवे पान. त्यावर जिल्ह्यातल्या मराठी भाषकांची संख्या आहे आणि खाली ठळक अक्षरांत वाक्य आहे: "हे आम्ही सांगत नाही, सरकारची जनगणना सांगते!" पुढे तीन फुल्या. त्या बेरजेत त्या आज्जीचे घर होते आणि त्या वाडीतली सगळी घरे होती. जे कारण साध्याइतकेच स्वतः सिद्ध व्हायचे बाकी असते, त्याला गौतमाने साध्यसम म्हटले आहे. मी तर कारणही स्वतःच तयार केले होते, सरकारी शाईने. १९५१ साली पंजाबात भाषेच्या भांडणापायी हिंदी, पंजाबी वगैरेंची एकच बेरीज छापावी लागली होती. वाचले तेव्हा मी त्या लोकांना हसलो होतो.

माझ्या पाच-पंचवीस घरांनी जिल्ह्याच्या आकड्यात काही फरक पडला नसेल, असे मित्र म्हणतात. नसेल. पण मंडपात मी ज्याच्या नावाने बोललो तो आकडा तेवढाच खरा होता, जेवढा माझा 'च'. आज्जी केव्हाच गेली. तिला सांगायचे राहून गेले एवढेच नव्हे, सांगायला हवे हे सुचायलाही मला मधली इतकी वर्षे लागली.

गेल्या महिन्यात तिचा नातू आला होता. गोव्यात कामाला असतो, गणपतीला घरी येतो. नवी जनगणना २०२७ सालची आहे हे त्याने फोनवर वाचले होते. म्हणाला, "मास्तर, मातृभाषा काय सांगायची? बायकोशी आमचीच बोलतो. पोरांशी अर्धी कन्नड, शाळा तीच ना. गोव्यात कोकणी म्हटली की लोक हसतात, म्हणतात ही कसली कोकणी. आणि देवाला हात जोडले की तोंडात मराठीच येते, तुम्हीच शिकवलेली."

मी म्हटले, "विचारायला येतील तेव्हा त्यांना सांग की. मला कशाला आधी सांगतोस?"

तो हसला. "तसं नाही, मोजायला तुम्हीच येणार का ते बघत होतो."

निवृत्त होऊन किती वर्षे झाली ते मी त्याला सांगितले. मग चहा झाला. जाताना त्याने पेटीवरची वही उचलून चाळली, समासातल्या फुल्यांवर बोट ठेवून विचारले, "हे काय, चुका का?"